चॉकलेटला थोडा कडूपणा परत द्या

चॉकलेटचे पेय म्हटले की आपल्याकडे लहान मूलच डोळ्यांसमोर येते. डब्यावर ते बॅट घेऊन उभे असते, जाहिरातीत ते शर्यत जिंकते आणि घरात आई पेला घेऊन त्याच्या मागे फिरत असते. नुसते दूध पोराच्या घशाखाली उतरत नाही, म्हणून त्यात दोन चमचे तपकिरी पावडर टाकायची, एवढेच या पेयाचे आपल्या स्वयंपाकघरातले काम. घरातली मोठी माणसे तेव्हा चहा गाळत असतात. त्यांना हॉट चॉकलेट भेटते ते कॅफेत, आणि तेही भलत्याच अवतारात: भल्यामोठ्या मगात सिरप, त्यावर फेटलेल्या क्रीमचा डोंगर, त्यावर पुन्हा सॉसच्या रेघा. पहिला घोट बरा लागतो, अर्ध्यावर गोडाने तोंड मिटते आणि तळाशी उरते ती पाणचट साखर. पोराचा पेला आणि कॅफेचा मग या दोहोंच्या मध्ये एक तिसरे पेय आहे. दाट, किंचित कडू, पोटाला आधार देणारे, लहान कपात सावकाश प्यायचे. ते मराठी घरात अजून शिरलेलेच नाही. ते शिरावे, पाकिटातून न येता पातेल्यात शिजून यावे, आणि मोठ्यांसाठी यावे, असे माझे म्हणणे आहे. त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक वस्तू आपल्या फडताळात आधीपासून आहेत. आणि ते औषध आहे अशी बतावणी करण्याची काहीच गरज नाही. त्या बतावणीनेच या पेयाचे वाटोळे केले आहे.

मुळात हे पेय मोठ्यांचेच. कोकोच्या बिया आंबवायच्या, वाळवायच्या, भाजायच्या आणि दगडावर वाटून त्यांचे पेय करायचे, ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली हजारो वर्षांची रीत. तिथला वाटायचा दगड, मेताते, आपल्या पाट्या-वरवंट्याचा सख्खा भाऊ शोभेल असा असतो. अॅझ्टेकांच्या राज्यात कोकोच्या बिया चलन म्हणून चालत, तेव्हा त्यांचे पेय पिणे म्हणजे खिशातली नाणी विरघळवून पिण्यासारखेच होते. ते सरदार, योद्धे आणि बडे व्यापारी यांनाच परवडे. त्यात मक्याचे पीठ पडे, मिरची पडे, व्हॅनिला आणि सुगंधी फुले पडत. फेसाला फार मान होता. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संग्रहालयात माया संस्कृतीचे साधारण आठव्या शतकातले एक चितारलेले भांडे आहे. त्यावर एक बाई उभी राहून, फेस यावा म्हणून, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून चॉकलेटची धार सोडताना दिसते. स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले. आन्तोनियो कोल्मेनेरो दे लेदेस्मा यांनी १६३१ मध्ये चॉकलेटवर एक छोटे पुस्तक छापले. त्यातल्या कृतीत कोकोच्या शंभर बियांना दोन मिरच्या, बडीशेपेच्या जातीचा मसाला, दालचिनी, व्हॅनिला, बदाम आणि हेझलनट आहेत. साखरही भरपूर आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. गोडाचा सोस आजचा नाही. पण त्या कपात कोको मुख्य होता, मसाला होता, सुकामेवा होता. पुढे पाचच वर्षांनी, १६३६ मध्ये, लिओन पिनेलो यांनी माद्रिदमध्ये अख्खा ग्रंथ लिहिला तो चॉकलेट प्यायल्याने धार्मिक उपवास मोडतो की नाही या प्रश्नावर. उपासाला साबुदाणा चालतो तर अमुक का नाही, यावर घराघरांत वाद घालणाऱ्या आपल्या समाजाला तिथल्या पाद्र्यांची अडचण सहज कळावी. लंडनमध्ये १६९३ साली निघालेले व्हाइट्स हे चॉकलेटगृह पुढे उमरावांच्या जुगाराचा आणि राजकारणाचा अड्डा झाले. या सगळ्या कथेत शाळकरी मूल कुठेच नाही.

मग ते आले कुठून? चांगल्या हेतूंची एक लांबलचक साखळी आहे. कोकोच्या बीमध्ये निम्म्याहून अधिक तूप असते, म्हणजे कोको बटर. पूर्वी कपावर त्याचा तवंग येई. तो जावा म्हणून पिठाची, साबुदाण्यासारख्या पदार्थांची भर घालत. नेदरलँड्समध्ये १८२८ साली व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राने बियांतले बरेचसे तूप काढून टाकण्याची सोय झाली आणि उरलेल्या पेंडीची पावडर करता आली. ती दुधापाण्यात नीट मिसळावी म्हणून तिच्यावर क्षाराची प्रक्रिया करण्याची युक्तीही त्याच घराण्याची. कोको स्वस्त झाला, सौम्य झाला, रंगाने काळपट झाला. इंग्लंडात फ्राय, कॅडबरी, राउंट्री ही क्वेकर पंथाची घराणी या धंद्यात होती. मजुरांनी दारूच्या गुत्त्याऐवजी कोकोचा कप धरावा, ही त्यांची कळकळ खरी होती. कॅडबरीने १८६६ मध्ये भेसळ नसलेला कोको बाजारात आणला आणि शुद्धतेच्या जाहिरातीवर नाव कमावले. म्हणजे या धंद्याची एक मोठी झेप ‘आमच्या डब्यात फक्त कोको आहे’ या एका वाक्यावर उभी होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नंतर माल्टची पेये आली. स्वित्झर्लंडमध्ये १९०४ साली ओव्होमाल्टिन निघाले ते पोषणाचे पेय म्हणून. माल्ट, दूध, साखर आणि चवीपुरता कोको. शक्तीचा आणि वाढीचा दावा याच डब्यांबरोबर आला, आणि दावा आला की गिऱ्हाईक ठरले: काळजीत पडलेले आईबाप.

आपल्याकडे हा दावा इतका रुजला की विक्रीच्या सदरातून ‘हेल्थ ड्रिंक’ हे नाव काढायला सांगायला सरकारला २०२४ साल उजाडले. एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यमावरील एका व्हिडिओमुळे बोर्नव्हिटातल्या साखरेची देशभर चर्चा झाली. वर्ष संपता संपता कंपनीने मिसळलेल्या साखरेचे प्रमाण १०० ग्रॅममागे ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आणले. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितले, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाचा प्रकारच नाही. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या माल्ट पेयाचे वर्गनावच बदलले. हे सारे योग्यच झाले. पण चर्चा साखरेशी सुरू झाली आणि साखरेशीच थांबली. डब्यात कोको किती, हे कुणी विचारले नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, तेव्हा डबा उलटा करून पाहायला चष्म्यापलीकडे काही लागत नाही. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरीत बहुधा साखर पहिली असते आणि कोको तिच्या मागे उभा असतो. जे पेय चॉकलेटच्या नावाने विकतात त्यात चॉकलेटच पाहुणे असावे, ही मला साखरेहून मोठी फसगत वाटते. साखर निदान चवीला तरी कळते.

आता कृतीकडे वळू, कारण या वादाचा निकाल शेवटी गॅसवरच लागतो. दोन लहान कपांसाठी, म्हणजे दीडदीडशे मिलीलीटरच्या कपांसाठी, सायीचे दूध पाव लिटरहून थोडे जास्त, बिनसाखरेची कोको पावडर बारा ग्रॅम, म्हणजे भजी-पोह्यांच्या मोठ्या चमच्याने दोन सपाट चमचे, आणि ७० टक्क्यांच्या आसपासचे डार्क चॉकलेट तीस ग्रॅम. चॉकलेट घेताना टक्केवारीइतकेच मागच्या यादीकडे बघावे. त्यात कोको बटर हवे. पाम तेल किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती चरबी दिसली तर ते बेकरीवाले वापरतात ते ‘कम्पाउंड’ आहे. केकवर ओतायला ते ठीक, पण दुधात टाकले की ते टाळूला मेणासारखे चिकटून बसते. कोको पावडरही दोन तऱ्हांची. क्षार न लावलेली फिकट, तांबूस आणि थोडी आंबटसर असते. क्षार लावलेली गडद आणि गुळमुळीत. पाकिटावर आम्लता नियामक म्हणून ५०० किंवा ५०१ असे आकडे असतील तर ती दुसऱ्या तऱ्हेची समजावी. आपल्या दुकानांत हीच जास्त मिळते. तिने काही बिघडत नाही, मात्र आरोग्याच्या आशेने कोको पिणाऱ्याने तो आकडा जरूर बघावा. त्याकडे पुढे येतोच.

कोको पावडर थेट दुधात टाकणे ही सगळ्यात मोठी चूक. ती पाण्याला सहज धरत नाही, वर तरंगते आणि कोरड्या पोटाच्या गुठळ्या करते. पातेल्यात आधी कोको आणि चिमूटभर मीठ घ्यावे, त्यात चार-पाच चमचे कडकडीत पाणी थोडे थोडे घालत चमच्याने घोटावे. सुरुवातीला ते रेताड दिसते, मग एकदम चकाकते आणि चमच्यावरून रेशमी पट्टीसारखे उतरते. वासही त्याच क्षणी फुलतो. मग धारेने दूध घालून मंद आचेवर उकळी आणावी आणि दोन-तीन मिनिटे खदखदू द्यावे. कोकोत स्वतःचा स्टार्च असतो, तो शिजला की दूध अंगाने दाट होते. आच बंद करून बारीक चिरलेले चॉकलेट टाकावे, अर्धा मिनिट हात लावू नये आणि मग रवी फिरवावी. होय, ताकाची लाकडी रवी, लहान घ्यावी. मेक्सिकोत आणि फिलिपिन्समध्ये चॉकलेट घुसळायला जे लाकडी हत्यार वापरतात ते दोन तळव्यांत धरून पुढेमागे फिरवतात आणि त्याचे डोके खाचांचे असते. आपल्या आजीच्या फळीवरच्या रवीचे आणि त्याचे काम एकच. रवीने साय मोडते, चॉकलेटमधले तूप दुधात बारीक विखुरते आणि तवंग येत नाही. व्हान हाउटेनच्या यंत्राने जे तूप काढून टाकून साधले, ते रवी तूप ठेवून साधते. मिक्सरनेही होते, पण गरम दुधावर मिक्सरचे झाकण उडते आणि ओटा पुसत बसावे लागते.

दाटपणा हा या पेयाचा प्राण आहे आणि इथे आपल्याला कुणाकडून उसने आणायचे कारण नाही. इटलीत त्यासाठी कॉर्नफ्लोअर लावतात; तिथले चॉकलेट चमच्याने खावे लागते. माद्रिदमध्ये चुर्रो नावाच्या तळलेल्या कांड्या बुडवायचे चॉकलेटही असेच घट्ट. मेक्सिकोतले चाम्पुर्रादो मात्र मक्याच्या पिठाचे असते, आणि ते आपल्याला जवळचे वाटावे असे आहे, कारण तृणधान्याची पातळ पेज करून पिण्याची सवय आपल्या हाडात आहे. नाचणीचे पीठ, किंवा नाचणीसत्त्व असेल तर आणखी छान, एक चहाचा चमचा गार पाण्यात कालवून दूध उकळताना घातले तर पेयाला अंग येते. नाचणीचा भाजका, मातकट स्वाद कोकोच्या स्वादाशी जुळतो. कॉर्नफ्लोअरला स्वतःची चवच नसते. एवढ्याशा नाचणीने कुणाचे कॅल्शियम भरून निघणार नाही, तेव्हा ती चवीसाठीच घालावी. दुसरा रस्ता बदामाचा. आठ-दहा बदाम भिजवून, सोलून, अगदी गंधासारखे वाटून घातले की कोजागिरीच्या मसाला दुधाची श्रीमंती येते. कोकणात हेच काम काजू करतात. मसाल्यांत जायफळ माझ्या मते पहिले. ते रत्नागिरीकडच्या नारळाच्या बागांतून आंतरपीक म्हणून होते, घरोघरी पुरणासाठी ठेवलेले असते आणि कोकोच्या कडूपणाला गोडाचा आभास देते, म्हणजे साखर आपसूक कमी लागते. दालचिनीही तेच करते. मिरपूड चिमूटभर चालते, लाल तिखटही. वेलची मात्र जपून. ती सगळ्याची खीर करून टाकते.

गोडासाठी गूळ हा आजकालचा हमखास सल्ला, आणि तो अर्धाच खरा. गुळातही बहुतांश साखरच असते. त्यातल्या लोहाच्या आणि खनिजांच्या गोष्टी चमचाभर गुळाला लागू पडत नाहीत. मधुमेह असलेल्याने गुळाला साखरच समजावे. या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींवर गेल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये दाखवले आहे, तेव्हा ‘गूळ आहे, चालतंय’ हे वाक्य घरातल्या कुणाला ऐकवताना जरा थांबलेले बरे. तरीही मी गुळाच्या बाजूने आहे, तो चवीसाठी. काळसर, चिक्कीसारख्या खमंग वासाचा गूळ डार्क चॉकलेटला जी खोली देतो ती पांढरी साखर देत नाही. अडचण एकच: उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटू शकते, आणि क्षार न लावलेला कोको मुळात आंबटसर असल्याने धोका वाढतो. म्हणून गूळ चमचाभर गरम पाण्यात विरघळवून, आच बंद केल्यावर, चॉकलेट मिसळल्यानंतर शेवटी घालावा. खजुराचा गरही चालतो, पण तो गाळावा लागतो. कपाला एक चहाचा चमचा गूळ धरला आणि त्यात चॉकलेटमधली चार-पाच ग्रॅम साखर मिळवली तर कपात साधारण दहा ग्रॅम साखर होते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरची साखर जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, त्या हिशेबात हा कप बसतो, पण दोन चहांनंतर बसत नाही.

आता आक्षेप. पहिला असा की हे सगळे जड आहे. आहेच. सायीचे दूध, चॉकलेट, गूळ मिळून एका कपात अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. जेवणावर हा कप घेणे म्हणजे दुसरे जेवण घेणे. पण संध्याकाळी पाच वाजता चहा, त्याबरोबर फरसाण आणि बिस्किटे अशी जी भरती आपण करतो, तिच्या जागी हा एक कप आणि दुसरे काही नाही, असे धरले तर हिशेब बिघडत नाही. दूध आणि कोकोतले तूप पोटात रेंगाळतात. रात्रीच्या जेवणापर्यंत भूक डोके वर काढत नाही. पातळ दुधात, बिनगोडाच्या पावडरीत केलेला ‘हलका’ अवतार मला पटत नाही. त्याने समाधान होत नाही आणि माणूस अर्ध्या तासात पुन्हा डबे उघडू लागतो. लहान कप, पण पुरता दाट, हाच व्यवहार खरा. ज्यांना दूध सोसत नाही त्यांनी बदामाच्या दुधात करावे किंवा नारळाच्या दाट रसात. मात्र नारळाचा रस उकळू देऊ नये, नुसता गरम करावा.

दुसरा आक्षेप उलट्या दिशेने येतो: डार्क चॉकलेट तर हृदयाला चांगले, मग सरळ आरोग्यासाठी प्या असे का सांगत नाही? कारण पुरावा तेवढा भक्कम नाही. कोकोत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्ये असतात आणि ती रक्तवाहिन्या लवचिक ठेवायला मदत करतात, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केले, रोज २०० मिलिग्रॅमच्या अटीवर. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वयस्क स्त्रीपुरुषांवर कॉसमॉस नावाची मोठी चाचणी झाली. रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या कॅप्सूल दिल्या गेल्या. निकाल २०२२ मध्ये आला. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणता येईल अशी घट झाली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी दिसले, पण चाचणीचे मुख्य लक्ष्य ते नव्हते. शिवाय तिला पैसा पुरवणाऱ्यांत मार्स ही चॉकलेट कंपनीच होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये जास्त फ्लॅव्हनॉलच्या कोको पावडरीला दावा करू दिला, तोही पुरावा फारच मर्यादित आहे असे सोबत लिहिण्याच्या अटीवर. आणि कॅप्सूल म्हणजे कप नव्हे. वर सांगितलेल्या क्षाराच्या प्रक्रियेत ही द्रव्ये उडून जातात: अमेरिकेतल्या बाजारातले नमुने २००८ मध्ये तपासले तेव्हा साध्या कोकोत ग्रॅमला सरासरी ३५ मिलिग्रॅमच्या घरात, तर भरपूर क्षार लावलेल्यात ४ च्या आसपास निघाली. दुधाने त्यांचे शोषण कमी होते की नाही यावर संशोधकांचे एकमत नाही. इतक्या ‘जर-तर’वर कुणाला रोज चॉकलेट प्या असे सांगणे म्हणजे डब्यावरच्या बॅटवाल्या मुलाचीच प्रौढ आवृत्ती काढणे. उंचीऐवजी हृदय, एवढाच फरक.

रोज का नको, याला आणखी कारणे आहेत. कोकोच्या झाडात जमिनीतून कॅडमियम येते, आणि सुकवताना-वाहताना बियांवर शिसे बसते. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने डिसेंबर २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटे तपासली, त्यांतली २३ अशी निघाली की रोज एक औंस खाल्ल्यास कॅलिफोर्नियाच्या कडक मर्यादेपेक्षा यांपैकी एखादा धातू जास्त जावा. त्या मर्यादा फार सावध आहेत आणि आठवड्याला दोन-तीन कपांनी घाबरण्याजोगे काही नाही. पण गरोदर स्त्रियांनी रोजची सवय लावू नये, हे त्यातून निघते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी कोकोतल्या ऑक्झलेटसाठी जपावे. ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना चॉकलेट कुठे जाळते ते माहीत असतेच. झोपेचे विचाराल तर वरच्या कपात कॅफीन साधारण पंचवीस मिलिग्रॅम असते, कॉफीच्या मानाने थोडे, पण सोबत कॅफीनच्याच कुळातले थिओब्रोमाइन असते आणि काहींना ते रात्री जागवते. ‘झोपताना गरम चॉकलेट’ हे चित्र परदेशी गोष्टींच्या पुस्तकांतून आले आहे. आपण ते संध्याकाळी प्यावे.

तिसरा आक्षेप सगळ्यात मराठी: एवढा खटाटोप कशाला, चहा काय वाईट? चहा अजिबात वाईट नाही आणि त्याची जागा घ्यायला हे पेय येतही नाही. चहा दिवसातून तीनदा होतो, दोन मिनिटांत होतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारता येतो. हे पंधरा मिनिटांचे काम आहे आणि आठवड्यातून एकदा-दोनदाच करायचे आहे. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. चांगले डार्क चॉकलेट स्वस्त नाही. पण शंभर ग्रॅमच्या पट्टीत सहा कप होतात, आणि कॅफेतला एक मग त्या पट्टीच्या मोलाचा असतो. ‘विदेशी थेर’ हा आक्षेप तर बटाटा, मिरची, टोमॅटो आणि पेरू खाणाऱ्या समाजाने घेऊच नये. कोको भारतात पिकतो. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या सावलीत तो लावतात. मंगळुरूत १९७३ साली स्थापन झालेली कॅम्पको ही सुपारी-कोको उत्पादकांची सहकारी संस्था, आणि तिचा पुत्तूरचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने स्वतःचे चॉकलेट काढावे, हे सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला तरी नवलाचे वाटायला नको. नवल याचे की कोकणातल्या नारळाच्या बागांत कोको अजून हौसेपुरताच आहे.

जगाचा निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथल्या मळ्यांत लहान मुले राबतात, हे कंपन्यांनाही नाकारता आलेले नाही. तिथे पाऊस आणि रोग यांनी पीक गेले तेव्हा, २०२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात टनाचा भाव १० हजार डॉलरच्या पुढे गेला. कोको महागला की कारखानदार पट्टी लहान करतो, नाही तर कोको कमी करून चरबी आणि साखर वाढवतो. डब्याच्या दर्शनी बाजूचे चित्र तेच राहते. म्हणून पॅकेटच्या पुढच्या बाजूला ‘चॉकलेट’ या अक्षरांइतक्याच मोठ्या अक्षरांत कोकोची टक्केवारी छापण्याची सक्ती पेयांच्या पावडरींना लावावी. डार्क चॉकलेटच्या पट्ट्यांवर ती उत्पादक आपणहून मिरवतात. पावडरीच्या डब्यांवर ती का दिसत नाही, हे ग्राहक पंचायतींनी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांना एकदा विचारावे.